केणीबाईंची शंभराची मोजणी

रक्त घेऊन झालं की केणीबाई नळीवर नाव लिहायच्या आणि ती नळी आपल्याच हातात द्यायच्या. म्हणायच्या, "वाच." मग आपण वाचायचं. पूर्ण नाव, वय, तारीख, किती वाजले ते. वाचून झालं की नळी परत घ्यायच्या. समोर वकील बसलेला असो नाहीतर माझ्यासारखी सातवीतून शाळा सोडलेली बाई, हे वाचन कुणाला चुकायचं नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई माझी परीक्षा घेतेय. नळीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी ते ओळखलं असणार. नळी घेतली, इंग्रजी नावाखाली बारीक अक्षरात मराठीत नाव लिहिलं, आणि पुन्हा हातात दिली. नंतर मी जितक्या वेळा तिथं गेले तितक्या वेळा माझ्या नळीवर दोन नावं असायची, एकाखाली एक.

मी हिंगोली जिल्ह्यातली. लग्न झालं आणि डोंबिवलीला आले. आमचे मालक एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कामाला आहेत, म्हणून मानपाड्याला एक खोली घेऊन राहिलो. पोट फुगायला लागलं तेव्हा मी गॅस समजून चार महिने ओवा खात होते. मग सोनोग्राफी झाली, मग ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिथं अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा केमो सांगितल्या, दर तीन आठवड्यांनी एक. लेकरू माझं तेव्हा दहा वर्षांचं. वैष्णवीला गावी आईकडं पाठवलं. इथं माझं म्हणावं असं माणूस मालकांशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यांची ड्युटी तीन पाळ्यांत फिरायची.

प्रत्येक केमोच्या आधी रक्त तपासावं लागतं. पांढऱ्या पेशी कमी असतील, प्लेटलेट कमी असतील, तर डॉक्टर औषध चढवत नाहीत, परत पाठवतात. तेवढ्यासाठी ठाण्याला जाऊ नका, घराजवळ करून रिपोर्ट घेऊन या, असं हॉस्पिटलात सांगितलं. म्हणून मी चष्म्याच्या दुकानावरच्या त्या लॅबमध्ये गेले, आणि केणीबाई भेटल्या.

साठीला आलेल्या, बुटक्या, अंगानं भरलेल्या. साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात तीन पेनं, आणि अंबाड्यात रोज अबोलीचा एवढासा गजरा. कळव्याकडच्या एका जुन्या गावातल्या. आगरी. त्यांचे वडील मिठागरात कामाला होते. आता तिथं मिठागर नाही, इमारती आहेत, आणि त्यातल्या एका इमारतीत केणीबाईंच्या मुलाची दोन दुकानं आहेत. नोकरीची त्यांना काही गरज नव्हती. लॅबचे डॉक्टरच एकदा हसत म्हणाले, की बाई माझ्यापेक्षा श्रीमंत आहेत, पण आता घरी बसा असं सांगायला गेलं तर मलाच कामाला लावतील.

बोलायच्या शुद्ध, शाळेतल्या बाईंसारख्या. पण चिडल्या किंवा घाईत असल्या की घरची भाषा बाहेर यायची. "काय गो बाय, हात सैल सोड ना, मना काय तुझा हात तोडायचाय?" मला ते बरं वाटायचं. आमच्या गावाकडची भाषा ती नव्हे, पण कुठल्या तरी गावाची होती.

गोड बोलायच्या मात्र नाहीत. मी पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा रडत होते. दुसऱ्या कुणी असत्या तर पाठीवरून हात फिरवला असता, काही होत नाही म्हणाल्या असत्या. केणीबाईंनी मला रडू दिलं आणि मधून मधून प्रश्न विचारत राहिल्या. रात्री काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, ताप आहे का, कुठली गोळी चालू आहे, ती कधी घेतली, इंजेक्शन कुठलं, कोणत्या वारी. मी हुंदके देत उत्तरं देत होते. त्या लिहून घेत होत्या. सगळं झाल्यावर सुई टोचली. एवढं सगळं कशाला विचारता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी वडिलांचं सांगितलं. मिठागराचा मालक खाडीच्या पाण्याची बाटली आणून विचारायचा, की हे पाणी मिठाला तयार झालं का. त्यांचे वडील बाटलीकडं बघायचेसुद्धा नाहीत, आधी विचारायचे, की पाणी कुठल्या कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या कुठल्या वाफ्यातलं, सकाळचं का दुपारचं, काल आभाळ होतं का. हे कळल्याशिवाय बाटलीत बघून काय कळणार, असं ते म्हणायचे. केणीबाई म्हणाल्या, रक्ताचं तेच आहे.

लॅबमध्ये एक मोठं मशीन होतं. त्यात नळी ठेवली की मिनिटभरात सगळे आकडे बाहेर. डॉक्टरांनी ते हौसेनं आणलं होतं. केणीबाई मशीनला नावं ठेवायच्या नाहीत, पण केमोच्या बायका म्हटल्या की स्लाइड काढायच्याच. रक्ताचा थेंब काचेवर ओढायचा, जांभळा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. हाताशी आठ बटणांचं एक जुनं यंत्र असायचं. एकेक पेशी दिसली की तिच्या जातीचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की यंत्रात घंटी वाजायची. डॉक्टर म्हणायचे, बाई, मशीन हजारो मोजतं, तुम्ही शंभर मोजता, कुणाचं खरं धरायचं? त्या म्हणायच्या, मशीनचंच धरा, मी फक्त ते शुद्धीवर आहे का बघते.

आणि एकदा ते शुद्धीवर नव्हतं. माझ्यासमोर घडलेली गोष्ट आहे. शाळेत शिक्षिका असलेल्या एक बाई होत्या, गर्भाशयाचा कॅन्सर, त्यांची केमो दुसऱ्या दिवशी होती. मशीननं प्लेटलेट इतक्या कमी दाखवल्या की औषध मिळालंच नसतं. बाई बाकावर बसून मुलाला फोन करत होत्या, की उद्या सुट्टी काढू नको, माझं काही होत नाही. आत केणीबाई स्लाइड बघत होत्या. बाहेर आल्या, म्हणाल्या, फोन ठेवा, दुसरा हात द्या. काही रक्तं अशी असतात की नळीतल्या औषधानं त्यातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळे होतात, आणि मशीनला गोळा मोजता येत नाही. त्यांना स्लाइडवर ते गोळे दिसले होते. निळ्या बुचाच्या दुसऱ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आणि प्लेटलेट पुरेशा निघाल्या. शिक्षिका बाईंनी त्यांचे हात धरले, तर केणीबाई म्हणाल्या, हात सोडा, कापूस दाबून धरा, रक्त येतंय.

त्यांच्या डब्याचीही एक गोष्ट आहे. त्या रोज तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायच्या आणि जिन्यात बसून जेवायच्या. तो वास सगळ्या मजल्यावर जायचा. वरच्या ट्यूशनवाल्यांनी तक्रार केली, डॉक्टरांनी समजावलं, चष्मेवाल्यानं हात जोडले. बाईंनी कुणाचं ऐकलं नाही. म्हणाल्या, चष्मेवाल्याच्या अगरबत्त्यांचा वास मी सहन करते ना? दुसऱ्या केमोच्या वेळी मी जिना चढत होते आणि त्या वासानं मला मळमळून आलं. तिथंच पायरीवर बसले. त्यांनी बघितलं, डबा बंद केला, पाणी दिलं. नंतर मला प्रणालीनं सांगितलं. प्रणाली म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची. ती म्हणाली, बाई आता वहीत बघतात. केमोची बाई यायची असेल त्या दिवशी डब्यात नुसती भाकरी आणि मीठ आणतात.

रिपोर्ट वाचायला मला त्यांनीच शिकवलं. मला त्या कागदाची भीती वाटायची. इंग्रजी अक्षरं, बाजूला आकडे, काही आकडे जाड काळे. मी तो कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवायची, जसा काही कुणी हिसकावून घेईल. एक दिवस गर्दी नव्हती तर त्यांनी मला मायक्रोस्कोपशी बसवलं आणि माझं स्वतःचं रक्त दाखवलं. मी आधी आपल्याच पापण्या बघत होते. मग दिसलं. फिकट गुलाबी टिकल्यांचा सडा, आणि त्यात मधेच मोठ्या जांभळ्या. केणीबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. जिच्या पोटात तीन-चार गाठी दिसतात ती एक जात, ती जंतू आले की आधी धावत जाते. अंगात कुठं जळत असेल, सूज असेल, तरी ती वाढते. जी गोटीसारखी गोल आहे ती दुसरी जात, ती ओळख ठेवते, कोण आपलं कोण परकं. बारीक भुकटी दिसतेय त्या प्लेटलेट.

मी विचारलं, "ह्यातला कॅन्सर कुठला?"

त्या हसल्या. मी त्यांना फार वेळा हसताना बघितलेलं नाही. म्हणाल्या, तो ह्यात नाही गो. तो तुझ्या पोटात होता, डॉक्टरांनी काढला, उरलासुरला औषध मारतंय. हे नुसते तुझ्या घरचे लोक आहेत. घरात भांडण चालू असलं की ह्यांच्या तोंडावर दिसतं, एवढंच.

आता जे सांगायचं ते चौथ्या केमोचं.

केमोच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी पहाटे मला गोळ्या घ्यायच्या असायच्या. औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून. पाच-पाच गोळ्या एकदम. चौथी केमो मंगळवारी होती. सोमवारी हॉस्पिटलातून मालकांच्या फोनवर निरोप आला, की मंगळवारी बेड नाही, गुरुवारी या, आणि रिपोर्ट नवा आणा. मालक दुसऱ्या पाळीला होते, कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत. ते घरी येऊन मला सांगेपर्यंत माझ्या रात्रीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मी म्हटलं, असू दे, पोटात गेल्या त्या गेल्या, पहाटेच्या घेत नाही. मंगळवारी सकाळी उठले आणि रक्त द्यायला गेले.

केणीबाई नव्हत्या. पुतणीची हळद होती. त्यांच्याकडं हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, दोन दिवस गाव जेवतं. प्रणाली एकटी होती आणि बाकावर दहा माणसं. तिनं रक्त घेतलं, नळीवर नाव लिहिलं, मराठीतसुद्धा लिहिलं, पण विचारायचं राहिलं. मीही सांगितलं नाही. कुणी विचारलं तरच सांगायचं असतं, असं मला वाटायचं. दुपारी रिपोर्ट फोनवर आला. मालकांनी तो गावी पाठवला, दर वेळी पाठवायचे, कारण मोठ्या भाऊजींचा मुलगा अंकुश फार्मसीचं शिकत होता आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारा तो एकटा.

अंकुश वाईट पोरगा नाही. काळजीनंच त्यानं फोनवर शोधलं. गाठीवाल्या पेशींना गोल पेशींनी भागायचं, आणि उत्तर जितकं मोठं तितकं कॅन्सरच्या बाईचं पुढचं वाईट, असं त्याला कुठंतरी सापडलं. त्यानं माझे मागचे रिपोर्टही काढले. आधी माझं उत्तर पाचच्या आसपास होतं. ह्या वेळी पंधरा आलं. त्यानं ते त्याच्या वडिलांना सांगितलं, आणि मंगळवारी संध्याकाळी मोठ्या भाऊजींचा फोन आला. मालकांनी केमोसाठी त्या दिवसाची सुट्टी आधीच टाकली होती, म्हणून ते घरीच होते.

भाऊजी शांतपणे बोलले. म्हणाले, औषध लागू पडत नाही असं दिसतंय. आता तिला तिथं एकटं ठेवून हाल करू नका. गावी आणा. लेकीजवळ राहील, आईच्या हातचं खाईल. जे होईल ते माणसांत होईल. मालक ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मी खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. साडेतीन महिने मी वैष्णवीला बघितलं नव्हतं. मरायचंच असेल तर डोंबिवलीत कशाला मरू, असं माझ्या मनात आलं. बुधवारी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली. मी पिशवी भरली.

बुधवारी सकाळी मी लॅबमध्ये गेले ते फक्त कागद आणायला. गावाकडच्या डॉक्टरला दाखवायला सगळे रिपोर्ट छापील असावेत, असं अंकुश म्हणाला होता. केणीबाई आल्या होत्या. हातांना हळदीचा पिवळा रंग तसाच, गळा गाऊन बसलेला. मी सगळे कागद मागितल्यावर त्यांनी विचारलं, सगळे कशाला? मी सांगितलं. गावी चालले, आता औषध नाही, पेशींचा आकडा वाईट आलाय.

त्यांनी कालचा रिपोर्ट स्क्रीनवर काढला. बघत राहिल्या. मग खुर्ची फिरवली.

"मना सांग, गोळ्या कवा घेतल्या?"

मी म्हटलं, केमो तर गुरुवारी आहे. त्या म्हणाल्या, ते नाही विचारलं. मग मी सोमवारच्या रात्रीचं सांगितलं, निरोप उशिरा आला ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. प्रणाली कोपऱ्यात नळ्या लावत होती, ती जागच्या जागी थांबली.

त्या गोळ्या स्टिरॉइडच्या. केणीबाईंनी मला समजेल असं सांगितलं. ती गोळी पोटात गेली की गाठीवाल्या पेशी भराभर रक्तात उतरतात आणि गोल पेशी बाजूला होतात. बारा तासांनी रक्त घेतलं तर कुणाचंही उत्तर असंच येणार. मला कॅन्सर नसता तरी असंच आलं असतं. ते माझं रक्त नव्हतं, गोळ्यांचं होतं.

मला वाटलं, आता प्रणालीचं काही खरं नाही. केणीबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुला एकटीला टाकून मी हळदीला नाचत होते, चूक माझी आहे. पण पुठ्ठा आण. तिच्याकडूनच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, केमो चालू आहे का, गोळी आणि इंजेक्शन कधी घेतलं, आणि तो रक्त घ्यायच्या खुर्चीसमोर लावला, पेशंटला बसल्या बसल्या दिसेल असा. मग माझा हात घेतला आणि पुन्हा रक्त काढलं. गोळीला दीड दिवस होऊन गेला होता. मशीनला लावलं आणि स्लाइडही केली. मी बाकावर बसून घंटी वाजायची वाट बघत होते. एकदा वाजली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. त्यांनी दोनदा मोजलं.

बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुझं आधी होतं तसंच आहे. पाच आणि वर थोडं. चांगलं आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मला तेव्हाही कळलं.

मग मालकांना फोन लावायला लावला, आणि त्यांच्याकडून भाऊजींचा नंबर घेतला. फोन स्पीकरवर होता, मी समोर होते. भाऊजी आधी आदरानं ऐकत होते. मग म्हणाले, बाई, तुम्ही लॅबमधल्या, तुमचं बरोबर असेल. पण ती बरी होईल अशी गॅरंटी देता का तुम्ही?

"नाही देत," केणीबाई म्हणाल्या. "गावी नेल्यावर काय होईल त्याची तुम्ही देता का?"

आणि लगेच पुढं म्हणाल्या,

"दादा, ऐका. हा आकडा आमच्या चुकीनं आलाय. चुकीच्या वेळी रक्त घेतलं आम्ही. त्या आकड्यावर बाईला उचलून नेऊ नका. उद्याचं औषध तिला मिळू द्या. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी बोला. त्यानंतर न्यायचं तर न्या, मी मधे येणार नाही."

भाऊजी म्हणाले, पोराला विचारतो. केणीबाई म्हणाल्या, विचारा, आणि त्याला सांगा की हुशार आहे, पण पुढच्या वेळी पेशंटनं काय खाल्लंय ते आधी विचार. फोन ठेवला. मग मी ते विचारलं जे मी इतके दिवस कुणालाच विचारलं नव्हतं. डॉक्टरांना विचारायची हिंमत नव्हती आणि मालक रडले असते.

"बाई, मी वाचेन का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, चांगलं बघितलं, आणि म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. उद्या पहाटेच्या गोळ्या विसरू नको. आणि आज रात्रीच्यासुद्धा."

ट्रॅव्हल्स चुकवली. गुरुवारी ठाण्याला मालक माझ्याबरोबर आले, आणि ते जन्मात पहिल्यांदा एखाद्या मोठ्या डॉक्टरशी सलग पाच वाक्यं बोलले. भागाकाराचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट बघितले. म्हणाले, असे भागाकार आम्हीही बघतो, पुष्कळ बायकांचा एकत्र हिशेब मांडला की त्यातून काही अंदाज येतो. पण नुसता तो बघून मी कुणाचं औषध थांबवत नाही. दुसरा रिपोर्ट कुणी करायला सांगितला? मालक म्हणाले, केणीबाईंनी. डॉक्टर म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी सांगितला. केणीबाईंनी मान हलवली आणि हात पुढं करायला सांगितलं.

सहा केमो झाल्या. केस आले, आधीपेक्षा कुरळे. वैष्णवी परत आली, इथल्या शाळेत जायला लागली. तीन-तीन महिन्यांनी तपासणी असायची, तेव्हा मी केणीबाईंकडं जायची. दरम्यान लॅबच्या डॉक्टरांनी तो भागाकार रिपोर्टच्या खाली छापायला सुरुवात केली. मशीनमध्ये सोय होती आणि लोक विचारायचे. केणीबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. भांडणात हरल्या. मग त्यांनी एक केलं, ज्यांना स्टिरॉइड चालू असेल त्यांच्या रिपोर्टवर ती ओळ हिरव्या पेनानं खोडून बाजूला कारण लिहायच्या. मशीनचा छापील रिपोर्ट पेनानं खोडलेला, असं दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये मी बघितलेलं नाही. डॉक्टर कपाळाला हात लावायचे, पण सही करायचे.

एकदा गेले तर खुर्चीवर प्रणाली होती. म्हणाली, बाईंनी काम सोडलं. कुणी काढलं नाही, वय झालं म्हणालं नाही. एकाच स्लाइडवर त्यांनी दोनदा मोजलं आणि दोन वेगळी उत्तरं आली. फार वेगळी नव्हती, प्रणाली म्हणाली, माझी तर रोज येतात. पण केणीबाईंनी ती स्लाइड प्रणालीच्या हातात दिली, त्या पेशंटचा रिपोर्ट तिच्याकडून करून घेतला, आणि त्याच दुपारी डॉक्टरांना लिहून दिलं. मोतीबिंदू होता. ऑपरेशन करून परत या, असं डॉक्टर म्हणाले. त्या म्हणाल्या, बघू, आणि आल्या नाहीत.

मागच्या दिवाळीच्या आधी मी वैष्णवीला घेऊन कळव्याला त्यांच्या घरी गेले. केमोला अडीच वर्षं झाली होती, नुकतीच तपासणी झाली होती, सगळं नीट आलं होतं. मला ते त्यांना सांगायचं होतं. केणीबाई घरी साध्या साडीत होत्या, कोट नसल्यामुळं मला त्या लहान वाटल्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा होता. रिपोर्ट पुढं केला तर घेतला नाही, म्हणाल्या, डॉक्टरांनी बघितला ना, मग झालं. वैष्णवीला कितवीत आहेस विचारलं, गणितात किती पडतात विचारलं, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर कोलंबीचं कालवण वाढलं. आम्ही पोटभर जेवलो.

निघताना त्या खाली रस्त्यापर्यंत आल्या. रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी म्हटलं, बाई, एक विचारू का? त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, वाचेन का म्हणून. तुम्ही माहीत नाही म्हणालात. पण तुम्हाला काय वाटलं होतं? मी वाचेन असं?

"नव्हतं वाटलं," केणीबाई म्हणाल्या. "तुझी पहिलीच स्लाइड बघितली तेव्हाच नव्हतं वाटलं."

आणि पुढं म्हणाल्या, "तुला सांगून काय करायचं होतं? दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली असतीस."

तेवढ्यात रिक्षा आली. त्यांनी तिला हात केला, रिक्षावाल्याला ओळखीनं नावानं हाक मारली, दोघींना स्टेशनला सोड म्हणाल्या, आणि पुढं रस्ता खणलाय तिथून नीट ने म्हणाल्या. वाकून माझा पदर आत सारला. रिक्षा सुटली. मी मान बाहेर काढून बघितलं. त्या रस्त्याच्या मधेच उभ्या होत्या, उन्हाचं काळ्या चष्म्यावरही हात आडवा धरून, आणि मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तरी बाजूला होत नव्हत्या.

वैष्णवी माझा दंड हलवून विचारत होती, आई, त्यांना काय नव्हतं वाटलं? अगं सांग ना, काय नव्हतं वाटलं?

स्टेशन येईपर्यंत मी तिला सांगितलं.